आयसीडीचा शॉक बसून गेल्यावर मागे उरणारी धास्ती

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय 46. हार्ट अटॅकनंतर हृदयाची पंप करण्याची ताकद कमी झाली म्हणून दीड वर्षापूर्वी आयसीडी बसवला, म्हणजे हृदयाची लय घातक बिघडली की आतून शॉक देऊन ती पूर्ववत करणारं, शरीरात बसवलेलं छोटं यंत्र. दोन महिन्यांपूर्वी जिना चढताना पाठोपाठ दोन शॉक बसले. तपासणीत ‘यंत्र व्यवस्थित आहे, काळजी करू नका’ एवढंच सांगितलं गेलं. तेव्हापासून जिना बंद, आंघोळ दाराला कडी न लावता, धाकट्या मुलीला उचलून घेणं बंद, रात्री डोळ्याला डोळा नाही आणि बोट सतत नाडीवर. तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: ही भीती घालवायची कशी, भीतीमुळेच पुन्हा शॉक बसेल का, आणि शॉक बंदच करून घेतले तर काय होईल.

मी हृदयाच्या ठोक्यांच्या विकारांवर उपचार करणारी डॉक्टर आहे. आयसीडी बसवणं आणि पुढे वर्षानुवर्षं त्याच माणसांना तपासणीच्या ओपीडीत भेटत राहणं हे माझं रोजचं काम. तुमचे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे खाली जिथे जिथे ‘हे अवलंबून आहे’ असं लिहिलंय तिथे शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा समजा.

आधी तुमच्या एका वाक्याबद्दल बोलते. ‘मी मनाने कमकुवत झालोय’ असं तुम्ही लिहिलंय. मला ते पटत नाही. शुद्धीत असताना शॉक बसलेले बहुतेक जण सांगतात की छातीत आतून कुणीतरी लाथ घातल्यासारखं वाटलं. ते सगळं सेकंदाच्या एका छोट्या तुकड्यात संपतं. पण आगाऊ सूचना न देता आलेली इतकी जोराची वेदना शरीर विसरत नाही. त्या क्षणी तुम्ही जिन्यावर होतात, धाप लागली होती, ठोके वाढले होते. म्हणून जिना, धाप आणि वाढलेले ठोके या तिन्हींना शरीराने धोका म्हणून नोंदवून ठेवलं. आता यातलं एक जरी जाणवलं तरी छातीत धस्स होतं. ही शिकलेली भीती आहे आणि ‘काळजी करू नका’ म्हटल्याने ती जात नाही. आयसीडी असलेल्यांपैकी साधारण पाचातल्या एकाला उपचार लागावेत इतकी चिंता सतावते, आणि शॉक बसलेल्यांमध्ये, विशेषतः एकापाठोपाठ अनेक बसलेल्यांमध्ये, तिचं प्रमाण जास्त असतं. तुम्ही एकटे नाही आहात.

आता कामाचं. शॉकची धास्ती घेऊन आलेल्या माणसाला मी लगेच मानसोपचाराकडे पाठवत नाही. आधी यंत्राची बाजू पूर्ण तपासून घेते, कारण टाळता येण्यासारखा शॉक टाळलाच नाही आणि वर ‘मन शांत ठेवा’ असं सांगितलं, तर तो त्या माणसावर अन्याय आहे.

‘यंत्र व्यवस्थित आहे’ याचा अर्थ बहुधा एवढाच असतो की बॅटरी पुरेशी आहे आणि यंत्राला हृदयाशी जोडणाऱ्या तारा नीट काम करताहेत. शॉक का बसला, हे त्यातून कळत नाही. ते उत्तर यंत्राच्या स्मृतीत असतं. प्रत्येक शॉकची नोंद तारीख-वेळेसकट साठवलेली असते: आधीचे ठोके कसे होते, वेग किती होता, यंत्राने आधी काय करून पाहिलं, किती ज्यूलचा शॉक दिला, त्यानंतर लय पूर्ववत झाली का. मी ती नोंद पडद्यावर उघडते, पडदा रुग्णाकडे वळवते आणि त्यालाच बोट ठेवायला सांगते. आधी समान अंतरावरचे उभे टोकदार ठोके, मग अचानक एकमेकांना चिकटून आलेली दाटी, त्यात एक मोठी उभी रेघ (तो शॉक), आणि लगेच पुन्हा मोकळे, सारख्या अंतरावरचे ठोके. ते पाहिल्यावर माणसं बराच वेळ काही बोलत नाहीत. इतके दिवस जी घटना मनात निराकार होती, तिला सुरुवात आणि शेवट असतो हे त्यांना पहिल्यांदाच दिसतं.

ही नोंद वाचण्याचं दुसरं कारण पूर्णपणे वैद्यकीय आहे. तुमचे दोन शॉक तीनपैकी कशामुळेही बसलेले असू शकतात. पहिली शक्यता, खालच्या कप्प्यांतून खरोखरच घातक वेगाची लय सुरू झाली, म्हणजे व्हीटी किंवा व्हीएफ. दुसरी, वरच्या कप्प्यांतली अनियमित लय, एएफ, किंवा श्रमाने वाढलेले साधेच ठोके इतके वेगात गेले की यंत्राने ते घातक समजले. तिसरी, तारेतला दोष किंवा बाहेरचा विद्युत गोंधळ यंत्राला ठोके वाटला. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. पहिल्यात औषधं वाढवणं, पोटॅशियम-मॅग्नेशियम तपासणं, वारंवार होत असेल तर अ‍ॅब्लेशनचा (हृदयातली बिघडलेली लय जिथून सुटते ती जागा निकामी करण्याच्या उपचाराचा) विचार. दुसऱ्यात वेग आटोक्यात ठेवणारी औषधं आणि यंत्राच्या सेटिंगमध्ये बदल. तिसऱ्यात तारेचा किंवा गोंधळाच्या कारणाचा बंदोबस्त. शिवाय शॉकच्या आधीच्या दिवसांत जुलाब-उलट्या झाल्या होत्या का, बीटा ब्लॉकरची (ठोक्यांचा वेग कमी ठेवणारी) गोळी चुकली होती का, हेही आठवून डॉक्टरांना सांगा. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या कारणांमुळेही शॉक बसतात.

यानंतर तुमच्या यंत्राचा आकडा मागून घ्या. ठोके मिनिटाला किती झाले की यंत्र उपचाराच्या तयारीला लागतं, त्या मर्यादेला आम्ही झोन म्हणतो. हा आकडा प्रत्येकाचा वेगळा असतो आणि बऱ्याच रुग्णांना तो कुणी सांगितलेलाच नसतो. 220 मधून वय वजा करण्याच्या ढोबळ हिशेबाने 46 व्या वर्षी अगदी दमछाक होईपर्यंत श्रम केले तरी ठोके 174 च्या आसपास पोचतात. बीटा ब्लॉकर चालू असेल तर त्याहून बरेच कमी. समजा तुमचा झोन 200 ला सुरू होतो. मग जिना चढून 120 झालेल्या ठोक्यांमध्ये आणि यंत्राच्या उंबरठ्यामध्ये केवढी जागा आहे ते पाहा. उलट झोन 165-170 ला असेल तर तो तिथे का ठेवलाय आणि वर नेता येईल का, हा रास्त प्रश्न आहे. ज्यांना आधी कधी घातक लय झालेली नव्हती अशा रुग्णांवरच्या मॅडिट-आरआयटी या 2012 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, यंत्राने जास्त वेगाची वाट पाहिली किंवा उपचाराआधी जास्त वेळ थांबलं, तर अनावश्यक उपचार खूप कमी झाले आणि मृत्यूंचं प्रमाणही घटलं. यंत्र जितकं उतावीळ तितकं सुरक्षित, ही समजूत त्याने मोडली. मात्र ज्यांची व्हीटी मुळात कमी वेगाची असते, त्यांचा झोन खालीच ठेवावा लागतो. म्हणून हा निर्णय स्वतःच्या मनाने घेण्यासारखा नाही.

ढोबळ हिशेबावर विसंबायचं नसेल, आणि विसंबू नयेच, तर ट्रेडमिल चाचणीबद्दल विचारा. डॉक्टर समोर उभे, यंत्राचे ठोके पडद्यावर, आणि तुम्ही चालताय. धाप लागते, घाम येतो, ठोके वाढत वाढत एका आकड्यापाशी थांबतात आणि शॉक बसत नाही. धास्तावलेल्या माणसाला माझ्या तासाभराच्या बोलण्याने जे पटत नाही, ते या चाचणीने पटलेलं मी वारंवार पाहिलंय.

एक आनुषंगिक गोष्ट. माणसाच्या शरीरात पहिला आयसीडी 1980 साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात मिशेल मिरोवस्की यांच्या पथकाने बसवला. त्या काळच्या यंत्रांना शॉक देणं एवढंच येत होतं. हृदयात तार घातलेली आताची यंत्रं व्हीटी आली की सहसा आधी काही वेगवान ठोके स्वतः देऊन ती मोडायचा प्रयत्न करतात. त्याला एटीपी म्हणतात आणि ते दुखत नाही, अनेकांना कळतही नाही. तुमच्या नोंदीत शॉकशिवाय मिटलेले असे प्रसंग आहेत का, आणि एटीपीची सोय चालू आहे का, हे जरूर पाहायला सांगा. हृदयात न घालता तार त्वचेखालीच ठेवलेल्या प्रकारच्या आयसीडीत ही सोय नसते. बहुतेक यंत्रं चार्ज होण्यासाठी काही सेकंद घेतात आणि शॉक देण्याआधी लय अजून बिघडलेलीच आहे ना, याची पुन्हा खात्री करतात. ती आपोआप सुधारली असेल तर शॉक रद्द होतो.

म्हणजे पुढच्या भेटीत तीन गोष्टी मागायच्या: त्या दोन शॉकची नोंद समजावून, तुमच्या झोनचा आकडा लिहून, आणि शक्य असेल तर ट्रेडमिल. घाईच्या ओपीडीत हे निसटतं, म्हणून कागदावर लिहून न्या आणि जमल्यास पत्नीला सोबत न्या.

आता ‘भीतीनेच शॉक बसेल का’ याबद्दल. खोटा दिलासा देत नाही. अतिशय तीव्र राग किंवा अचानक बसलेला मोठा मानसिक धक्का, याने आधीच जखम झालेल्या हृदयात घातक लय सुरू होऊ शकते. पण तुम्ही जे वर्णन केलंय, म्हणजे रात्री पडल्या पडल्या येणारी धडधड, हातापायांना सुटणारा घाम, श्वास अपुरा वाटणं, ते घाबरल्यावरचे साधे वाढलेले ठोके असण्याची शक्यता जास्त आहे. ते हळूहळू चढतात आणि हळूहळू उतरतात. व्हीटी सहसा एकदम सुरू होते. बहुतेक यंत्रं हा सुरुवातीचा फरक आणि ठोक्याचा आकार, दोन्ही तपासतात. घाबरून ठोके 110 किंवा 130 झाले म्हणून 200 चा झोन ओलांडला जात नाही. तुमचा नेमका आकडा माहीत करून घ्या म्हणते, ते याचसाठी. भीतीचीच भीती बाळगायचं कारण त्याने बरंच कमी होतं.

यंत्राची बाजू अशी मार्गी लागली की उरतं ते शरीराने शिकलेलं. इथे मला सर्वात जास्त काळजी वाटते ती तुमच्या नाडीवरच्या बोटाची आणि बंद केलेल्या जिन्याची. नाडी पाहिली की क्षणभर हायसं वाटतं, म्हणून ती पुन्हा पाहावीशी वाटते. पाहताना एखादा ठोका चुकल्यासारखा वाटतो, छाती धडधडते, आणि मग पुन्हा बोट नाडीवर. मनगटी घड्याळांचंही तेच. अधूनमधून जादा ठोके पडत असतील तर त्यांचा आकडा चुकतोही. यंत्र तुमचा प्रत्येक ठोका पाहतंय. त्यावर तुमचा पहारा असल्याने किंवा नसल्याने त्याच्या कामात फरक पडत नाही. एकदम सोडवत नसेल तर नाडी पाहण्याच्या वेळा ठरवा, मग त्यातली एक एक गाळा. टाळण्याचंही तसंच आहे. जिना टाळला आणि शॉक बसला नाही, की मन त्याचं श्रेय टाळण्याला देतं. पुढे लिफ्ट बंद असलेल्या ठिकाणी जाणं टळतं, मग एकट्याने बाहेर पडणं टळतं. माणूस आक्रसत जातो आणि हृदयाला हवा असलेला व्यायामही थांबतो.

माझ्या एका रुग्णाला (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) आंघोळ करताना शॉक बसला होता. शिक्षक होते, स्वभावाने धीट. पण न्हाणीघरात पाऊल ठेवायला तयार होईनात. ओल्या फडक्याने अंग पुसून घ्यायचे, तेही खाटेवर बसून. त्यांच्या नोंदीत खरी व्हीटी निघाली, औषध बदललं, आणि तरी भीती जाईना. मग आमच्या मानसोपचारतज्ज्ञांनी त्यांच्याशी बसून पायऱ्या ठरवल्या. आधी कपड्यांनिशी न्हाणीघरात स्टुलावर नुसतं बसायचं, अस्वस्थपणा शिगेला जाऊन आपसूक उतरेपर्यंत. मग पायांवर पाणी. मग पत्नी दाराबाहेर असताना पूर्ण आंघोळ, मग ती स्वयंपाकघरात असताना. नियम एकच होता: भीती चढलेली असताना पळून यायचं नाही, ती उतरायला लागली की बाहेर यायचं. (चक्कर किंवा छातीत दुखणं याला हा नियम लागू नाही, हे त्यांना आधीच बजावलं होतं.) काही आठवड्यांत ते दार लावून, गाणं म्हणत आंघोळ करू लागले. पुढे त्यांना शॉक बसला, एकदा. त्या दिवशी फोनवर ते म्हणाले, ‘दुखलं, पण उद्या आंघोळ करणार आहे.’

तुमच्यासाठी हीच पद्धत जिन्याला लावता येईल. डॉक्टरांनी श्रमाला हिरवा कंदील दाखवल्यावर, पत्नीला सोबत घेऊन चार पायऱ्या, थांबा, ठोके उतरू द्या. ते जमलं की अर्धा जिना. जवळपास कार्डिअ‍ॅक रिहॅब, म्हणजे हृदयरुग्णांना देखरेखीखाली व्यायाम करून घेणारं केंद्र, असेल तर सुरुवात तिथेच करा. देखरेखीखालचा व्यायाम आयसीडी असलेल्यांसाठीही सुरक्षित ठरला आहे. मुलीला उचलण्याबद्दल: दीड वर्ष झालंय, जखम आणि तारा केव्हाच स्थिरावल्या असतील, त्यामुळे यंत्राच्या बाजूने साधारणपणे मनाई नसते. तुमच्या हृदयाच्या ताकदीप्रमाणे किती वजन चालेल ते विचारून घ्या. तिला कडेवर घेतलेलं असताना शॉक बसला तर तिला काही होईल का, हा न विचारलेला प्रश्न तुमच्या मनात असणार. स्पर्श असलेल्या माणसाला फार तर हलकीशी झिणझिणी जाणवते, इजा होत नाही. पत्नीशी जवळीक करतानाही हेच लागू आहे. लोक हे विचारायला संकोचतात, म्हणून आपणहून लिहिलं.

रात्रीबद्दल दोन शब्द. झोप लागता लागता शॉक बसल्यासारखं वाटून दचकून उठणं, आणि तपासणीत नोंद कोरी निघणं, हे बऱ्याच जणांना होतं. ते ढोंग नव्हे आणि वेड तर नव्हेच, त्यांना तो धक्का खरोखर जाणवलेला असतो. असं झालं तर यंत्राची नोंद पाठवा किंवा तपासून घ्या, आणि कोरी निघाली तर तो मुद्दा तिथे मिटवा. झोपण्याआधी श्वास सावकाश घ्या आणि त्याहून सावकाश सोडा, मिनिटाला साधारण सहा श्वास. व्हीटी थांबवण्याचा हा उपाय नाही. घाबरून भराभर श्वास घेतल्याने येणारी चक्कर आणि झिणझिण्या मात्र त्याने थांबतात, ज्यांना तुम्ही शॉकची चाहूल समजता.

घरात एक लेखी योजना हवी, म्हणजे त्या क्षणी विचार करावा लागत नाही. एकच शॉक बसला आणि नंतर बरं वाटतंय: बसा, गाडी चालवत असाल तर बाजूला घेऊन थांबा, आणि त्याच दिवशी तुमच्या डॉक्टरांना किंवा तपासणी केंद्राला फोन करा. चोवीस तासांत दोन किंवा जास्त शॉक, किंवा एका शॉकनंतरही छातीत दुखणं, धाप, चक्कर, बेशुद्धी, गोंधळल्यासारखं वाटणं: लगेच रुग्णवाहिका बोलवा, स्वतः गाडी चालवू नका. बेशुद्ध पडून श्वास नीट चालत नसेल तर घरच्यांनी छाती दाबायला सुरुवात करावी. आयसीडी आहे म्हणून थांबू नये. एईडी (छातीवर पॅड लावून बाहेरून शॉक देणारं यंत्र) मिळाला तर तोही वापरावा, फक्त त्याचा पॅड यंत्राच्या उंचवट्यावर न लावता थोडा बाजूला लावावा. या कागदासोबत यंत्राचं ओळखपत्र आणि औषधांची यादी पाकिटात ठेवा. शॉकनंतर गाडी चालवण्यावर किती काळ बंधन, हे ठिकाणानुसार आणि शॉकच्या कारणानुसार बदलतं, ते विचारून घ्या.

तुमच्या पत्नीने ते दोन शॉक पाहिलेत. घरचे अनेकदा रुग्णाहून जास्त धास्तावतात आणि प्रेमापोटी ‘तू बस, मी करते’ म्हणत राहतात. ही योजना त्यांच्यासोबत वाचा आणि पायऱ्यांच्या सरावात त्यांना घ्या.

हे करूनही काही आठवड्यांत फरक पडला नाही, प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येत राहिला किंवा सगळ्यातला रस गेला, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. जगू नये असे विचार आले तर एक दिवसही थांबू नका. वर सांगितलेल्या पायऱ्यांची पद्धत संज्ञानात्मक वर्तन उपचारात नीट शिकवतात आणि आयसीडीच्या रुग्णांना तिचा फायदा होतो. गोळ्यांची गरज पडली तर हृदयाचे आणि मनाचे डॉक्टर एकमेकांशी बोलायला हवेत. नैराश्य आणि चिंतेवरच्या औषधांपैकी सर्ट्रालिन हृदयरुग्णांत बरंच वापरलं गेलंय. सिटालोप्रॅम आणि एसिटालोप्रॅम ईसीजीतला क्यूटी (ठोक्यानंतर हृदय विद्युतदृष्ट्या पूर्ववत व्हायला लागणारा वेळ; तो लांबला तर लय बिघडू शकते) वाढवू शकतात. नैराश्यावरच्या जुन्या ट्रायसायक्लिक गटातल्या गोळ्या आम्ही शक्यतो टाळतो. झोपेच्या गोळ्यांची सवय लागते.

राहिला तिसरा प्रश्न, शॉक बंद करून घेण्याचा. तो विचारलात म्हणून कुणी तुम्हाला रागावू नये. शॉक बंद ठेवायला सांगण्याचा अधिकार रुग्णाला असतो, आणि दुर्धर आजाराच्या शेवटच्या टप्प्यात आम्ही स्वतः तो विषय काढतो. पण तुमचं वय 46 आहे आणि ते दोन शॉक खऱ्या व्हीएफवर बसले असतील तर त्यांच्यामुळेच तुम्ही हा प्रश्न लिहू शकलात. ते अनावश्यक असतील, तर सेटिंग बदलून किंवा कारण दूर करून ते टाळण्याचे मार्ग अजून वापरलेलेच नाहीत. म्हणून नोंद वाचून होईपर्यंत हा निर्णय घेऊ नका. आणि कुणी सांगितलं म्हणून यंत्रावर स्वतःहून चुंबक ठेवू नका. चुंबक जवळ असेपर्यंत बहुतेक यंत्रं शॉक देण्याचं काम थांबवतात, आणि नेमकी त्याच वेळी गरज पडली तर मदतीला काही उरत नाही. मोबाइलही याच कारणाने छातीच्या खिशात नको. तो यंत्रापासून निदान 15 सेंटिमीटर लांब ठेवा आणि विरुद्ध बाजूच्या कानाला लावा.